एकाच वायरीचा पाइप

अंबिका अपार्टमेंट बांधणाऱ्या बिल्डरने मुरबाडकरांना तीन मजले दिले, गच्ची दिली, दारावर गणपतीची टाइल दिली आणि वायरींसाठी भिंतीतून अंगठ्याएवढा एकच पाइप दिला. जिन्यातल्या दिव्यांची वायर त्यातूनच आणि टीव्हीची केबलही त्यातूनच. असल्या माणसाला खरं तर त्याच पाइपातून ओढून बाहेर काढायला हवं होतं. पण तो फ्लॅट विकून कधीच कल्याणला निघून गेला होता आणि मागे राहिला होता तो पाइप. त्यात एक केबल शिरली की दुसरीला जागाच उरत नसे. जी शिरली होती ती राघोची होती.

राघो केबलवाला. कमरेला पक्कड, खिशात चिकटपट्टी आणि नाकाच्या शेंड्यावर राग. याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर तो आपल्या आईबरोबर, ताराबाईबरोबर राहायचा. बायको नांदायला आली, त्याचा आरडाओरडा ऐकून कंटाळली आणि एका दिवाळीला माहेरी गेली ती परत आलीच नाही. तिला आणायला जावं असं राघोच्या मनातही आलं नाही. त्याच्या डोक्यात सकाळ-संध्याकाळ एकच माणूस असायचा आणि तो होता देवजी.

देवजीही केबलवालाच. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेतून बरोबर पळून गेलेले. नव्वदनंतर दोघांनी मिळून एक व्हीसीआर आणला, मग डिश बसवली आणि मुरबाडच्या घराघरांत वायर ओढायला घेतली. तिसरा होता राघोचा धाकटा भाऊ पंढरी. तो खांबावर असा सरसर चढायचा की खालचे लोक हातातलं काम सोडून बघत राहायचे. अंगाने काटकुळा आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. वर बसून खालच्यांची टिंगल करायची आणि एकीकडे वायर ओढायची, असा त्याचा कारभार. ताराबाईचा जीव थोरल्यापेक्षा त्याच्यावर अंमळ जास्तच होता. राघोला ते माहीत होतं आणि त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण त्याचाही जीव पंढरीवरच होता.

अठ्ठ्याण्णव साली म्हसा रस्त्याच्या कोपऱ्यावर पंढरी खांबापाशी उभा होता. देवजी लाईटच्या वायरमनला भेटून धावत आला आणि म्हणाला, "चढ रे पंढरी, लाईन बंद हाय." वायरमनने त्याला तसंच सांगितलं होतं. बंद केलेली लाईन होती ती पलीकडची, पण हे समजायला उशीर झाला. पंढरीच्या हातातली तार वरच्या तारेला लागली आणि तो जागच्या जागी चिकटला. खाली राघो उभा होता. भावाचे डोळे उघडे होते, ते राघोकडेच बघत होते आणि तोंड काहीतरी बोलू बघत होतं. लाईन जाईपर्यंत राघो मान वर करून तसाच उभा राहिला.

पुढे दर वर्षी भावाच्या श्राद्धाला पानं वाढून झाली की ताराबाई राघोजवळ येऊन बसायची आणि हळूच विचारायची, "राघो, त्याला लय दुखलं असंल का रे?"

"नाय आय. झटक्यात गेला तो. त्याला कायच समजलं नाय."

"खरं ना?"

"आयशप्पथ."

आयशप्पथ, तीसुद्धा आईलाच. पण एवढं एक खोटं राघो आयुष्यात मायेने बोलला. बाकी त्याच्या तोंडून जे निघायचं ते शिव्या नाहीतर हुकूम.

उरलेला सगळा संताप त्याने देवजीवर काढला. तेराव्याला देवजी दारात आला, तर राघो पंगतीतून उठला आणि त्याला रस्त्यापर्यंत लाथा घालत घेऊन गेला. देवजीने त्या दिवशी हात उचलला नाही. पडला की उठायचा आणि पुन्हा हात जोडायचा. पण माणूस किती दिवस मार खाणार? भागीदारी मोडली, देवजीने स्टँडच्या पलीकडे आपली वेगळी कंट्रोल रूम थाटली आणि मग मुरबाडमध्ये वायरींची लढाई जुंपली.

लढाई म्हणजे खरोखरीची लढाई. राघोने देवजीची डिश घणाने ठेचली. देवजीने राघोचे सिग्नल वाढवणारे बूस्टर खांबावरून उतरवून नाल्यात फेकले. राघोने बाजारपेठेत भर दुपारी देवजीची वायर मोटरसायकलला बांधून गल्लीभर फरफटत नेली, तेव्हा वायरीबरोबर दोन घरांची कौलं आणि एका म्हातारीची तुळसही गेली. त्यावर देवजीने एस.टी. स्टँडसमोर राघोला गाठून लोखंडी सळईने त्याच्या खांद्यावर असा तडाखा दिला की हाड मोडल्याचा आवाज पानटपरीवाल्याने ऐकला. पोलिसांनी दोघांनाही बसवून घेतलं, समज दिली, चहा पाजला आणि सोडलं. खांदा जुळला, पण थंडीत ठणकायचा आणि ठणकला की राघोला देवजीची आठवण यायची. विसरायची काही सोयच नव्हती.

या सगळ्यात ताराबाईला फक्त एक गोष्ट हवी होती आणि ती नेमकी देवजीकडे होती.

शहाण्णव सालच्या म्हसा गावच्या जत्रेची ती कॅसेट होती. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन देवजी जत्रेत फिरला होता. बैलबाजार, घोंगड्यांचे ढीग, पाळणे, तमाशाचे तंबू असं सगळं त्यात होतं. आणि मध्येच धुळीतून बैलजोडी घेऊन पंढरी यायचा. गोडीशेवेने गाल फुगलेला. कॅमेरा दिसला की हसायचा आणि ओरडायचा, "ए देवज्या, माजा नको, बैलांचा काढ! ते माज्यापेक्षा बरे दिसतात!" एवढंच. मग बैल पुढे जायचे आणि तो त्यांच्यामागे गर्दीत दिसेनासा व्हायचा. घरात पंढरीचा फोटो होता, नाही असं नाही. पण तो दहावीच्या हॉलतिकिटावरचा मोठा करून घेतलेला, कान ताठ, डोळे भेदरलेले, तोंड गच्च मिटलेलं. तोंड मिटलेला पंढरी हा काही खरा पंढरी नव्हता.

देवजी दर साली जत्रेच्या पुनवेला दुपारी ती कॅसेट आपल्या लोकल चॅनेलवर लावायचा. आपण त्यात दिसतो का, हे बघायला अर्धं मुरबाड टीव्हीसमोर बसायचं. राघोच्या केबलवर अर्थातच ती दिसायची नाही.

"जा रे, माग ना त्याच्याकडं. कापी करून देईल तो," ताराबाई म्हणायची.

"त्याच्या दारात माजं मढं बी जायाचं नाय."

"तुजं मढं नको न्हेऊस. कॅसेट आण."

राघो भांडं आपटून बाहेर जायचा. देवजीने स्वतःहून एकदा निरोप धाडला होता की मावशीसाठी कॉपी काढून ठेवली आहे, कुणीतरी येऊन घेऊन जा. निरोप आणणाऱ्याच्या कानाखाली राघोने आवाज काढला. ती कॉपी तिकडेच राहिली.

मग दोन हजार तीन साल उजाडलं आणि देवजीने इंटरनेट आणलं. केबलच्याच वायरीतून नेट येणार, म्हणे. बिल्डिंगमधल्या मास्तर मंडळींना, बँकेतल्या साहेबांना घरी कॉम्प्युटर घ्यायचे होते. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, नेट. पण देवजीची वायर खिडक्यांबाहेरून लोंबत यायची. वाऱ्याने हलायची, माकडं तिला झोके घ्यायची आणि राघोची पक्कड तिला अधूनमधून भेटायची. टीव्हीचं कसंबसं भागायचं, नेटचं भागणार नव्हतं. वायर पाइपातूनच यायला हवी होती.

सोसायटीची मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरली. देवजीलाही बोलावलं होतं. सगळ्यांच्या मते जत्रा झाली की राघोची केबल काढायची आणि देवजीची घालायची. कशी, तेही देवजीने सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती, पण विचारलं म्हणून सांगितलं. जुन्या केबलच्या शेपटाला नवी बांधायची आणि वरून जुनी ओढायची. जुनी बाहेर येताना नवीला आपोआप आत घेऊन येते.

राघो तोपर्यंत गप्प होता. आपल्याच वायरीने देवजीच्या वायरीला ओढत आपल्या घरात आणायचं, हे ऐकल्यावर मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बसला होता ती लोखंडी खुर्ची त्याने उचलली आणि देवजीच्या डोक्यावर भिरकावली. देवजी वाकला म्हणून वाचला. खुर्ची मागच्या मास्तरांच्या गुडघ्यावर बसली आणि ते तिथेच लोळले. राघोने देवजीचा गळा धरला आणि त्याला स्कूटरवर पाडलं. स्कूटर पडली, तिच्या आरशाची काच देवजीच्या पाठीत घुसली, शर्ट लाल झाला, तरी राघोच्या हाताची पकड सुटेना. माणसांनी ओढून दोघांना वेगळं केलं तेव्हा देवजीचा चेहरा काळानिळा पडला होता.

"माज्या भावाला मारलास," राघो धापा टाकत म्हणाला, "आता माज्या घरात शिरतोस? शिर. जित्ता बाहेर येतोस का बघू."

देवजी खोकत खोकत म्हणाला, "मी बी त्याला खांद्यावर न्हेला हुता, राघो." पण ते राघोने ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी राघो अवेळी घरी आला आणि दारातच थबकला. ताराबाई टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकून, मागे हात घालून, मान पडद्याकडे वळवून उभी होती. खिडकीतून एक वायर आत आली होती. वरच्या मजल्यावरच्या रंजिताने, म्हणजे कंपाउंडरच्या बायकोने, आपल्याकडच्या देवजीच्या लाईनीचा एक तुकडा म्हातारीसाठी खाली सोडला होता. वायरीला पिन नव्हती. सोललेलं तांबं टीव्हीच्या भोकात खुपसून ताराबाईने ते दोन बोटांनी दाबून धरलं होतं. हात ढिला पडला की पडद्यावर मुंग्या आणि दाबला की चित्र स्वच्छ. पुनवेच्या दिवशी नीट दिसेल ना, याची ती आधीच तालीम करत होती.

"आय, काय हाय ह्ये?"

ताराबाईने हात सोडला नाही. "एवढा एक दिस, राघो. पुनवेला. मंग टाक तोडून."

राघोने पुढे होऊन वायर हिसकली. तांबं म्हातारीच्या बोटावरून खसकन गेलं आणि रक्त आलं. त्याने कमरेची पक्कड काढून वायर खिडकीपाशीच कचकन तोडली, तुकडा तिच्यासमोर फेकला आणि खिडकीतून वर तोंड करून रंजिताला अशा शिव्या घातल्या की तिच्या घरातला रेडिओ बंद झाला.

"त्या खुन्याच्या वायरीतून मला माजा भाऊ नको!"

"तुला नको तर नको बघूस," ताराबाई बोट पदरात धरून म्हणाली. "माजा पोरगा हाय तो. वायर कुणाची का असंना."

ते बोलणं राघोला लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. ती पुनवेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, पुढ्यात ताट ठेवायची आणि उठून जायची. यालाही देवजीच कारण, असं राघोने मनाशी ठरवून टाकलं. रागाला एकदा एक माणूस सापडला की तो दुसरीकडे जात नाही. पंढरी गेला, बायको गेली, बिल्डिंग चालली, आता आईही अबोला धरून बसली. सगळ्याचा हिशेब पुनवेला चुकता करायचा होता. टीव्हीसमोर सगळं मुरबाड बसलेलं असेल, कॅसेट चालू असेल, त्याच वेळी देवजीच्या वायरीत लाईटचा करंट सोडायचा. बूस्टर जळतील, मशिनी जळतील, कंट्रोल रूमचा कोळसा होईल. वायरी जोडून खाणाऱ्या माणसाला वायरीनेच संपवायचं, हा विचार त्याला इतका आवडला की त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आपल्या भावाला कशाने मारलं, हे त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि म्हणूनच ते त्याला योग्य वाटलं.

पौषातली पुनव. सकाळपासून म्हशाकडे जाणाऱ्या जीपगाड्या भरभरून चालल्या होत्या. जे गेले नाहीत ते जेवणं उरकून टीव्हीसमोर बसले. राघोने आईला सांगितलं की मी जत्रेला चाललोय, चप्पल वाजवत खाली उतरला आणि मागच्या बाजूने पुन्हा जिना चढून गच्चीवर गेला. तिथे पाण्याच्या पंपाचा बोर्ड होता. देवजीची वायर गच्चीच्या कठड्यावरून जायची. राघोने ती कापली, खाली बिल्डिंगमध्ये जाणारं आणि कंट्रोल रूमकडून येणारं अशी दोन्ही टोकं सोलून ठेवली आणि बोर्डातून वायर काढून तीही तयार ठेवली. आता फक्त कॅसेट चालू व्हायची तेवढी बाकी होती. खालच्या घरांमधून सनई-ताशाचा आवाज यायला लागला की समजायचं. म्हणून त्याने कापलेली टोकं तात्पुरती पुन्हा एकमेकांना जोडली आणि कठड्याला पाठ लावून बसून राहिला. खांदा ठणकत होता.

आवाज सुरू झाला. जत्रेचा तो गलका, बैलांच्या घुंगरमाळा. राघो उठला, पंपाच्या बोर्डाकडे गेला आणि तेवढ्यात गच्चीचं दार उघडून देवजी बाहेर आला.

देवजी वर आला होता तो जोड तपासायला. चित्र मध्येच एकदा गेलं होतं. त्याने कापलेली टोकं पाहिली, बोर्डातून निघालेली वायर पाहिली.

"राघो. काय करतोस?"

"बघतोस ना? डोळं फुटलं नायत तुजं."

"थांब. ऐक माजं. मावशी लाईनवर हाय."

राघो हसला. त्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"खरं सांगतोय! रंजितानं परत वायर सोडलीय. पिन नाय, मावशी हातानं धरून उभी हाय. मी तिला पिन द्यायलाच आलो हुतो, ही बघ." देवजीने खिशातून चकचकीत नवी पिन काढून तळहातावर धरली. "जिन्यात रंजितानं सांगितलं, चित्र गेलं. म्हनून आधी वर आलो. सोड ती वायर."

"लाईन बंद हाय, असं बोल्ला हुतास तू," राघो म्हणाला. "आठवतंय? तवा बी असाच बोल्ला हुतास. मी ऐकलं तुजं. माज्या भावानं ऐकलं."

"राघो, तुज्या पाया पडतो."

"ती वायर मी माज्या हातानं तोडलीय."

देवजी झेपावला. राघोने पक्कड सरळ त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड फुटलं, रक्ताची चिळकांडी कठड्यावर उडाली आणि पिन कुठेतरी टाकीखाली घरंगळत गेली. देवजीने राघोचा पाय धरला. राघोने दुसऱ्या पायाने त्याच्या बरगडीत लाथ घातली, परत घातली, पुन्हा घातली. देवजी पाय सोडेना. तोंडातून रक्ताच्या गुळण्या टाकत तो एकच बोलत होता, "मावशी हाय रे, मावशी हाय." राघोने वाकून त्याच्या हातावर पक्कड आपटली, बोटं सुटली. खालून टीव्हीतून आवाज आला, किती घरांतून एकदम आला, "ए देवज्या, माजा नको, बैलांचा काढ!" भावाचा आवाज राघोने पाच वर्षांनी ऐकला. ऐकून थांबावं तर ते नाही. त्याला वाटलं, पंढरीच सांगतोय. त्याने वायर जोडली आणि बोर्डाचं बटण खाली दाबलं.

गावावर काही वीज कोसळली नाही. फटाक्यासारखा बारीक आवाज झाला, कुठेतरी जळका वास सुटला. सगळ्या घरांतली जत्रा एकदम बंद पडली. राघो कान देऊन उभा राहिला. आणि मग पहिल्या मजल्यावरून रंजिताची किंकाळी आली.

"ताराकाकी! सोडा ती वायर! अवो काकी!"

राघोचे हात बटणापाशीच होते, पण ते हलेनात. ते बटण वर करायचं असतं, हेच त्याच्या ध्यानात येईना. तो जसा खांबाखाली उभा होता तसाच उभा होता. देवजी गुडघ्यांवर रांगत आला, त्याला धक्का मारून बाजूला पाडलं आणि रक्ताने माखलेल्या हाताने बटण वर ढकललं. मग तोच आधी जिना उतरला. राघो त्याच्यामागे गेला, पण आपण कसे उतरलो ते त्याला नंतरही आठवलं नाही.

ताराबाई टीव्हीच्या बाजूला आडवी पडली होती. बोटांना तांबं चिकटलेलं, खोलीत मांस जळाल्याचा वास. रंजिता दारात उभी होती. देवजीने म्हातारीच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. त्याच्या नाकातलं रक्त तिच्या लुगड्यावर टपकत होतं. पंढरीच्या वेळी हे कुणालाच सुचलं नव्हतं, कुणाला येतही नव्हतं. नंतर देवजी कल्याणला जाऊन हे शिकून आला होता. का शिकला, ते कुणी विचारलं नव्हतं. तो दाबत राहिला, दाबत राहिला आणि शेवटी ताराबाईच्या घशातून घरघर निघाली, क्षणभर डोळे उघडून तिने देवजीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. राघो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी आपल्याच तोंडात मारून घेतलं, ओठ फुटेपर्यंत मारून घेतलं. कुणी त्याला अडवलं नाही.

दवाखान्यात पोलीस आले. देवजीची मशिनरी सगळी जळाली होती, नाकावर पट्टी होती, बरगड्या बांधल्या होत्या. त्याने जबाब दिला, "बिल्डिंगमदी एकच पाइप हाय सायेब. लाईटची वायर अन् केबल एकत्र. घासली असंल." नाक कशाने फुटलं, तर म्हणाला जिन्यात पडलो. पोलिसांनी लिहून घेतलं. पाइपाची गोष्ट पटण्यासारखी होती आणि देवजीची वायर त्यातून नाही, खिडक्यांबाहेरून जाते, हे बिल्डिंगमधल्या कुणीही त्यांना सांगितलं नाही. राघो बाकड्यावर बसून हे ऐकत होता आणि त्याला आपली लाज वाटत होती. देवजीने जाताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती जुनी कॉपी त्याच्या शेजारी ठेवली. ती कपाटात होती म्हणून वाचली होती.

ताराबाई नीट शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. दोन बोटं जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. राघो तिच्या पायाशी बसला.

"आय, करंट मी सोडला."

"ठावं हाय मला. देवज्याचं नाक बघितलं तवाच वळखलं."

"ही बघ, कॅसेट आणलीय. घरी गेल्यावर..."

तिने कॅसेटकडे बघितलं नाही. छताकडे बघत होती. आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"राघो, तू दरसाल मला सांगायचास. त्याला कायच समजलं नाय म्हनून."

राघोने कॅसेटची पिशवी खाली ठेवली.

"तसं नसतं रे. हात सोडायचा असतो, सुटत नाय. वरडायचं असतं, तोंड उघडत नाय. पण समोरचं दिसतं. माज्यासमोर पंढरी हुता, हसत हुता, मला दिसत हुता. सगळं समजतं, राघो." मग तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "खांबाखाली तूच हुतास ना? तुज्याकडं बघत हुता ना तो?"

खोटं बोलायला राघोने तोंड उघडलं. झटक्यात गेला, आयशप्पथ, हे शब्द जिभेवर तयार होते. पण ज्या बाईच्या हातातून तोच करंट गेला होता, तिच्यासमोर ते बाहेर पडेनात.

"व्हय आय," तो म्हणाला. "माज्याकडंच."

ताराबाईने बँडेजचा हात छातीशी घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.